दोन साक्षीदारांची नावे

नोकरीच्या छापील अर्जाच्या शेवटच्या पानावर बहुधा एक चौकट असते. अर्जदाराला चांगले ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे व पत्ते तेथे लिहायचे असतात आणि त्या व्यक्ती नात्यातील नसाव्यात, अशी अट असते. वय, शिक्षण, अनुभव ही माहिती आपली मुलेमुली भराभर भरतात. या चौकटीपाशी मात्र लेखणी थबकते. घरात खल सुरू होतो. कोणी म्हणते, नगरसेवकांचे नाव घाल. कोणी म्हणते, मोठ्या कंपनीत साहेब असलेल्या त्या दूरच्या ओळखीच्या गृहस्थांचे घाल. अखेरीस पुष्कळांची पावले चर्चच्या कचेरीकडे वळतात आणि फादरांकडे चारित्र्याचा दाखला मागितला जातो.

वरवर पाहता ही एक किरकोळ अडचण आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न किरकोळ नाही. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा तो कोणाच्या शब्दावर? ख्रिस्तसभेला हा प्रश्न पहिल्या शतकातच पडला होता आणि तिने त्याची उत्तरे अनुभवातून, कधी ठेचा खाऊन, शोधली. ती उत्तरे आजच्या तरुण अर्जदारालाही उपयोगी पडावीत, या हेतूने या इतिहासाचा धावता आढावा येथे घेतला आहे.

रोमन जगातील वशिला

शिफारसपत्राची चाल ख्रिस्ती लोकांनी सुरू केली नाही. रोमन साम्राज्यात ती पूर्वीपासून रूढ होती. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचा जो संग्रह आहे, त्याच्या तेराव्या भागात ७९ पत्रे आहेत आणि ती जवळजवळ सर्व शिफारसपत्रे आहेत. कोणाचा मित्र, कोणाचा मुक्त झालेला गुलाम, कोणाचा व्यापारातील भागीदार, अशा अनेकांसाठी त्याने निरनिराळ्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांना लिहिले. मागणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की, आफ्रिका प्रांतावर असलेल्या एका अधिकाऱ्याशी त्याने आधीच संकेत ठरवून ठेवला होता. ज्या पत्रावर ठरलेली खूण असेल ते पत्र खऱ्या जिव्हाळ्याच्या माणसाचे समजावे, असा तो संकेत होता. मग बिनखुणेच्या पत्रांची किंमत काय होती, हे सांगायला नकोच.

दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचताना हसू येते. पण त्यात एक धडा आहे. सर्वांना सारख्याच गोड शब्दांत दिलेला दाखला कोणाच्याच कामाचा राहत नाही. जो सर्वांची स्तुती करतो, त्याच्या स्तुतीला वजन नसते.

शौलाला जामीन कोण?

आता प्रेषितांच्या कृत्यांचे पुस्तक उघडू या. शौल दमास्कसला निघाला तेव्हा त्याच्याजवळ पत्रे होती. ती खुद्द प्रमुख याजकाची होती आणि त्यांच्या बळावर तो ख्रिस्तानुयायांना कैद करणार होता. वाटेत त्याला प्रभूचे दर्शन झाले आणि त्याचे जीवन पालटले. पुढे हाच शौल यरुशलेमला आला तेव्हा त्याच्याजवळ कोणाचेही पत्र नव्हते. शिष्य त्याला भीत होते, आणि ते साहजिकच होते. कालचा छळक आज बंधू म्हणून दाराशी उभा राहिला, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील?

त्या प्रसंगी बर्णबा पुढे झाला. त्याने शौलाला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेले. बर्णबाने काय सांगितले, हे लूकने नोंदवून ठेवले आहे. शौल फार सज्जन आहे, कष्टाळू आहे, अशी मोघम प्रशस्ती त्याने केली नाही. त्याने घडलेल्या गोष्टी सांगितल्या: वाटेत याला प्रभू कसा दिसला, प्रभू याच्याशी कसा बोलला, आणि दमास्कसमध्ये याने येशूच्या नावाने कसे निर्भयपणे भाषण केले. साक्ष कशी द्यावी, याचा हा नमुना आहे. विशेषणांपेक्षा घटना बोलक्या असतात.

याच बर्णबाची दुसरी एक हकिकत अधिक विचार करायला लावणारी आहे. योहान मार्क हा तरुण पहिल्या धर्मयात्रेतून पंफुल्याहून अर्ध्यावर परत फिरला होता. दुसऱ्या यात्रेच्या वेळी त्याला बरोबर घ्यावे, असे बर्णबाचे मत होते. पौलाने साफ नकार दिला. वाद इतका विकोपाला गेला की, हे दोन जुने सोबती एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटाकडे गेला. ज्या पौलाला एके काळी बर्णबाच्या शब्दामुळे दार उघडले होते, त्यालाच या वेळी बर्णबाचा शब्द पटला नाही! काळाने मात्र निवाडा दिला. कलस्सैकरांस पत्रात मार्कचे स्वागत करण्याची सूचना आहे आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, अशा अर्थाचा निरोप आहे. एकदा चुकलेल्या तरुणालाही साक्षीदार मिळाला पाहिजे, हे बर्णबाला ठाऊक होते.

पौलाची पत्रे

पौलाने स्वतः पुढे अनेकांसाठी शब्द टाकला. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडताच फिबीचे नाव येते. करिंथचे पूर्वेकडील बंदर जे किंख्रिया, तेथील मंडळीची ही सेविका. तिने पुष्कळांना आणि खुद्द पौलालाही साहाय्य केले होते, म्हणून तिला लागेल ती मदत करा, असे पौल रोमच्या मंडळीला सांगतो. हे पत्र रोमला तिनेच नेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ख्रिस्ती धर्मविचाराचा एवढा मोठा ग्रंथ ज्या स्त्रीच्या हाती सोपवला गेला, तिची ओळख पौलाने अवघ्या दोन वचनांत करून दिली आहे.

फिलेमोनास पत्र तर जवळजवळ संपूर्णच शिफारसपत्र आहे. धन्यापासून दुरावलेल्या अनेसिम या गुलामाला पौल परत पाठवतो आणि त्याला बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती करतो. पण तो तेथे थांबत नाही. अनेसिमचे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. आपल्याकडे जामीन राहणे म्हणतात ते हेच. शिफारस करणारा आपली पत पणाला लावतो. ज्याला काहीही गमवायचे नाही, त्याची सही म्हणजे नुसती शाई.

अपुल्लोची कथा याच संदर्भात वाचावी. हा आलेक्सांद्रियाचा विद्वान वक्ता इफिस येथे आला. पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला या दांपत्याने त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यानंतर तो अखया प्रांतात जायला निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी तेथील शिष्यांना पत्र लिहून त्याचे स्वागत करण्यास सांगितले. उणीव आधी दूर झाली, पत्र मागाहून गेले.

इतके असूनही पौलाने शिफारसपत्राची मर्यादा ओळखली होती. त्याच्या विरोधकांनी करिंथला पत्रे नेली होती. त्यावर तो करिंथकरांना म्हणतो की, माझे पत्र तुम्हीच आहात. ते अंतःकरणावर लिहिलेले असून सर्वांना वाचता येते. माणसाचे काम आणि त्याने घडवलेली माणसे हीच त्याची अखेरची साक्ष असते.

पाहुणा, भोंदू आणि पत्र

ख्रिस्ती मंडळ्यांचे आतिथ्य प्रसिद्ध होते आणि त्याचा गैरफायदाही घेतला जात असे. दुसऱ्या शतकातील उपहासकार ल्युशियन याने पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूची कथा लिहिली आहे. भोळे ख्रिस्ती लोक त्याच्या कसे नादी लागले, हे त्याने चवीने रंगवले आहे. 'दिदाखे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन पुस्तिकेत याच रोगावर साधे उपाय दिले आहेत. हे पुस्तक शतकानुशतके हरवलेले होते. त्याचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि १८८३ साली ते छापले गेले. त्यातील नियमांनुसार, येणाऱ्या प्रवाशाचे स्वागत करावे, परंतु त्याने दोनतीन दिवसांहून अधिक राहू नये. राहायचे असेल तर काम करून खावे. जो प्रेषित म्हणवतो आणि पैसे मागतो, तो खोटा समजावा.

मंडळ्यांची संख्या वाढली तशी एवढ्यावर भागेना. मग बिशपांनी आपल्या माणसांना पत्रे देण्याची पद्धत रूढ झाली. सम्राट ज्युलियन (कारकीर्द ३६१ ते ३६३) ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता. पण बिशपांच्या या पत्रांचे त्याला इतके कौतुक वाटे की, आपल्या मूर्तिपूजक पुरोहितांतही ती पद्धत आणावी असे त्याच्या मनात होते, असे पाचव्या शतकातील इतिहासकार सोझोमेन सांगतो.

साहजिकच बनावट पत्रेही निघू लागली. त्यांवर उपाय म्हणून पत्रात गुप्त आकडा घालण्याची युक्ती मध्ययुगाच्या पूर्वार्धातील ग्रंथांत दिलेली आढळते. ग्रीक भाषेत प्रत्येक अक्षराला संख्येचे मूल्य असते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या शब्दांची आद्याक्षरे म्हणजे ८०, ४०० आणि १; पेत्राचे आद्याक्षर पुन्हा ८०. त्यांत पत्र लिहिणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या व नेणाऱ्याच्या नावांतील ठरावीक अक्षरांची मूल्ये मिळवायची. शिवाय 'आमेन' या शब्दाचे ९९ असत. पत्र हाती येताच बेरीज पडताळून पाहायची. आजच्या कचेऱ्या दाखल्यावरील शिक्का आणि क्रमांक तपासतात, त्याचाच हा पूर्वज म्हणावा.

४५१ सालच्या काल्सेदोन विश्वपरिषदेने या पद्धतीला कायद्याचे रूप दिले. आपल्या बिशपांचे शिफारसपत्र नसलेल्या परक्या धर्मसेवकाने दुसऱ्या नगरात कोठेही सेवा करू नये, असे तिच्या तेराव्या नियमात म्हटले आहे. त्याच परिषदेचा अकरावा नियम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गरीब आणि गरजू प्रवाशांची चौकशी करून त्यांना 'शांतिपत्र' द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. ज्याच्यामागे कोणी मोठा माणूस नाही, त्याच्यामागे ख्रिस्तसभेने उभे राहावे, असा त्याचा अर्थ.

शेजाऱ्यांची साक्ष

साक्षीदार कोण असावा, याचे उत्तर प्राचीन ख्रिस्तसभेने बाप्तिस्म्याच्या विधीत फार सुंदर रीतीने दिले. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक स्त्री पवित्र भूमीच्या यात्रेला गेली. यरुशलेममध्ये काय पाहिले ते तिने आपल्या भगिनींसाठी लिहून ठेवले. चाळीस दिवसांच्या उपवासाच्या प्रारंभी बाप्तिस्मा मागणारे एकेक करून बिशपांपुढे येत. बिशप त्यांच्या शेजाऱ्यांना विचारीत: हा मनुष्य सदाचाराने वागतो का? आईबापांचा मान राखतो का? दारूच्या आहारी तर गेलेला नाही ना? उत्तर समाधानकारक असेल तरच बिशप स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिहीत. परगावाहून आलेला, ज्याला ओळखणारे कोणी नाही, अशा माणसाला बाप्तिस्मा सहजासहजी मिळत नसे, असेही ती नमूद करते.

बिशपांनी शहरातील श्रीमंतांना विचारले नाही, शेजाऱ्यांना विचारले. भिंतीपलीकडचा आवाज ज्याला ऐकू येतो, त्याची साक्ष त्यांना हवी होती. आपले धर्ममातापिता याच परंपरेतून आलेले आहेत. त्यांचे मूळ काम साक्षीदाराचे होते. आणि लक्षात घ्या, १९८३ च्या धर्मसंहितेच्या ८७४ व्या कलमानुसार जन्मदाते आईवडील आपल्याच बालकाचे धर्ममातापिता होऊ शकत नाहीत. नोकरीच्या अर्जातील 'नातेवाईक नसावेत' ही अट आपल्याला मुळीच परकी नाही.

धर्मगुरूंच्या निवडीतही हेच तत्त्व दिसते. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी तिसऱ्या शतकात आग्रहाने सांगितले की, बिशपांची निवड लोकांच्या उपस्थितीत व्हावी, कारण उमेदवाराचे जीवन लोकांनाच पुरते ठाऊक असते. ट्रेंट परिषदेने १५६३ साली ठरवून दिले की, वरिष्ठ दीक्षा घेणाऱ्यांची नावे चर्चमध्ये जाहीर करावीत आणि त्यांच्या वर्तनाची चौकशी विश्वासू माणसांकडे करावी. दीक्षेपूर्वी उमेदवाराचे नाव आपल्या वेदीवरून वाचले जाते, ते यामुळेच.

या चौकशीला एक पवित्र मर्यादा आहे. धर्मसंहितेच्या २४० व्या कलमानुसार उमेदवाराच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे किंवा आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत या निर्णयात कधीही विचारता येत नाही. जो अंतःकरण सर्वांत जवळून पाहतो, त्याला साक्षीला बोलावता येत नाही! फादर दाखला देतात तो केवळ उघड दिसलेल्या जीवनाचा असतो, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या किनाऱ्यावर

६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरले. पोप तिसरे पौल यांची अधिकारपत्रे त्यांच्याजवळ होती. ते पोपचे प्रतिनिधी होते. यापेक्षा मोठी शिफारस ती कोणती? चरित्रकार सांगतात की, झेवियर बिशप जुआंव द आल्बुकर्क यांना भेटले, ती पत्रे त्यांच्या हाती दिली आणि आपली संमती असेल तेवढाच अधिकार मी वापरीन, असे म्हणाले. त्यांनी मुक्काम ठेवला तो रुग्णालयात, आजाऱ्यांच्या सेवेत. पत्र खिशात ठेवून कामाने ओळख पटवण्याचा हा मार्ग होता.

वसईच्या भूमिपुत्राची कथा याहून निराळी आहे. संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानमध्ये जेजुइट मिशनऱ्यांबरोबर धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षे सेवा केली. त्या संघात सामील होण्याची त्यांची इच्छा होती. प्रवेश मिळाला नाही. त्यांनी काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली संत पेत्र बाप्टिस्ट यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून जपानला परतले, कारण ती भाषा त्यांनी आत्मसात केलेली होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर खिळण्यात आले आणि १८६२ साली ते संतपदी आरूढ झाले. ज्यांचे अर्ज परत येतात, त्या आपल्या मुलामुलींना ही कथा जरूर सांगावी. एक दार लागले म्हणून केलेले काम आणि शिकलेली विद्या वाया जात नाही.

मौनाची खोटी साक्ष

या इतिहासाची काळी बाजू लपवून चालणार नाही. २००२ साली अमेरिकेतील बोस्टन महाधर्मप्रांताची जुनी कागदपत्रे न्यायालयामार्फत खुली झाली. त्यांत १९९० सालचे एक पत्र होते. ज्या धर्मगुरूविरुद्ध पूर्वीच गंभीर तक्रारी आल्या होत्या, त्याच्याबद्दल चिंतेचे काही कारण नाही अशा अर्थाची हमी कॅलिफोर्नियातील एका धर्मप्रांताला दिलेली होती. काल्सेदोनच्या परिषदेने ज्या पत्राने मंडळीचे रक्षण करायचे ठरवले, त्याच प्रकारच्या पत्राने लेकरांना संकटात लोटले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशा तक्रारी कळवणे धर्मगुरूंना व संन्यस्तांना बंधनकारक केले, त्यामागे असलेली वेदना समजून घेतली पाहिजे.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. खोटे बोलणे जसे तिचे उल्लंघन आहे, तसे जेथे बोलायला हवे तेथे गप्प राहून गोड दाखला देणे हेही आहे. फादरांनी एखाद्या वेळी दाखला देण्यास नकार दिला किंवा मोजकेच लिहिले, तर त्यामागे आकस असतो असे नव्हे. त्या दाखल्यावर विसंबून कोणीतरी आपले मूल, आपली तिजोरी किंवा आपला रुग्ण त्या माणसाच्या हाती देणार असतो.

मग नावे कोणाची घालावीत?

वर दिलेल्या इतिहासातून उत्तर आपोआप निघते. ज्याने तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याचे नाव घालावे: ज्या शिक्षकांनी तुम्हाला प्रयोगशाळेत राबताना पाहिले, ज्या मुकादमाच्या किंवा साहेबांच्या हाताखाली तुम्ही उमेदवारी केली, ज्या संस्थेचा हिशेब तुम्ही सांभाळला तिचे चिटणीस. नगरसेवकांना तुमचे नाव आठवत नसेल, तर त्यांच्या नावाने चौकट भरते, पण जागा रिकामीच राहते. त्यांना दूरध्वनी आला आणि ते 'कोण बरे हा?' म्हणाले, तर अर्ज तेथेच संपला.

दोन साक्षीदार दोन बाजूंचे असावेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाबद्दल बाहेरच्यांचेही मत चांगले असावे, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात आपला समाज लहान आहे. एक साक्ष धर्मग्रामातील असेल तर दुसरी अन्यधर्मीय शिक्षकांची, शेजाऱ्यांची वा वरिष्ठांची असावी. तिचे मोल फार आहे.

नाव देण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी. कोणत्या कामासाठी अर्ज आहे, ते सांगावे आणि आपल्या शिक्षणाचा व अनुभवाचा कागद त्यांच्या हाती द्यावा, म्हणजे त्यांना बर्णबासारखे घडलेल्या गोष्टी सांगता येतील. त्यांनी काही उणीव दाखवली, तर अपुल्लोप्रमाणे ती ऐकून घ्यावी. आणि नोकरी लागो अथवा न लागो, त्यांना येऊन सांगावे. आपली पत ज्याने पणाला लावली, त्याला एवढे कळण्याचा हक्क आहे.

शेवटचा शब्द मात्र अर्जदारांना नसून आपणा वडीलधाऱ्यांना आहे. आपल्या धर्मग्रामात असेही तरुण आहेत की, ज्यांच्या घराण्यात आजवर कोणी कचेरीची पायरी चढलेले नाही. मासे विकणाऱ्या आईची मुलगी, शेतमजुराचा मुलगा, भाड्याच्या खोलीत नव्याने राहायला आलेले कुटुंब. त्यांची लायकी आहे, पण चौकटीत लिहायला नावे नाहीत. बर्णबाने शौलाची वाट पाहिली नाही. अंत्युखियातील काम वाढले तेव्हा तो स्वतः तार्सला जाऊन त्याला शोधून घेऊन आला. आपल्यापैकी जे शिक्षक, परिचारिका, बँकेतील अधिकारी, निवृत्त कर्मचारी आहेत, त्यांनी अशी दोन मुले हेरावीत, त्यांना काम द्यावे, त्यांचे काम पाहावे, चुकल्यास कान धरावा, आणि मग निःशंक मनाने आपले नाव व पत्ता त्यांच्या अर्जावर लिहू द्यावा.